जुन्या मोटारीचे इंजिन : परीक्षण, कायदा आणि ग्राहकहित

भारतातील असंख्य कुटुंबांच्या दारात येणारी पहिली मोटार नवी नसते; ती दुसऱ्या कोणी वापरलेली असते. मोटार भाड्याने चालवून उदरनिर्वाह करणारे अनेक स्वयंरोजगारी चालकही जुन्या वाहनापासूनच व्यवसायाचा आरंभ करतात. अशा खरेदीत बहुधा अनेक वर्षांची बचत खर्ची पडते किंवा कर्ज काढावे लागते. खरेदीनंतर काही महिन्यांतच इंजिन उघडण्याची वेळ आली, तर दुरुस्तीचा खर्च आणि बुडालेला रोजगार असा दुहेरी भार त्या कुटुंबावर पडतो. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

मोटारीचा रंग, आसने व टायर यांची अवस्था डोळ्यांना दिसते. इंजिनाची अंतर्गत झीज मात्र दिसत नाही. इंजिन बाहेरून धुऊन चकचकीत करता येते, अंतरमापकावरील आकडाही मागे फिरवला जाऊ शकतो. म्हणून विक्रेत्याच्या शब्दाऐवजी मोजमापावर विसंबणे, हाच जुन्या मोटारीच्या खरेदीचा पाया असला पाहिजे. हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटला, तरी त्याला अर्थशास्त्र, कायदा व सार्वजनिक धोरण अशा तिन्ही बाजू आहेत.

असममित माहिती आणि जुन्या मोटारींची बाजारपेठ

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका शोधनिबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक मूलभूत सिद्धान्त मांडला. अमेरिकी बोलीत सदोष मोटारीला ‘लेमन’ म्हणतात. त्यावरून हा निबंध ‘लेमन्सची बाजारपेठ’ म्हणून ओळखला जातो. अकरलॉफ १९६७-६८ मध्ये नवी दिल्ली येथील भारतीय सांख्यिकी संस्थेत अभ्यागत प्राध्यापक होते आणि या निबंधात भारतातील सावकारी पतव्यवहाराचाही विचार त्यांनी केला आहे. या विषयावरील कार्यासाठी त्यांना २००१ मध्ये मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती पारितोषिक देण्यात आले.

हा सिद्धान्त एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या बाजारात दहा मोटारी विक्रीस आहेत. त्यांपैकी पाच चांगल्या असून त्यांचे खरे मोल प्रत्येकी तीन लाख रुपये आहे. उरलेल्या पाच सदोष असून त्यांचे मोल प्रत्येकी एक लाख रुपये आहे. कोणती मोटार कशी आहे, हे विक्रेत्याला ठाऊक असते, खरेदीदाराला नसते. त्यामुळे खरेदीदार सरासरी धरून दोन लाख रुपयांपर्यंतच किंमत देऊ करतो. चांगल्या मोटारीच्या मालकाला ही किंमत परवडत नाही, म्हणून तो बाजारातून माघार घेतो. मागे केवळ सदोष मोटारी उरतात. यालाच ‘प्रतिकूल निवड’ असे म्हणतात. यात नुकसान केवळ फसलेल्या खरेदीदाराचे होत नाही. आपले वाहन नीट सांभाळणाऱ्या प्रामाणिक मालकालाही योग्य मोल मिळत नाही.

या स्थितीतून बाहेर पडण्याचे दोन मार्ग अर्थशास्त्र सुचवते. ज्याच्याकडे माहिती आहे त्याने हमीसारख्या मार्गाने तिचा विश्वासार्ह ‘संकेत’ द्यावा, हा पहिला. आणि ज्याच्याकडे माहिती नाही त्याने ‘चाळणी’ लावून ती मिळवावी, हा दुसरा. इंजिनाचे परीक्षण ही खरेदीदाराच्या हातातील चाळणी होय.

कायद्याच्या दृष्टीने परीक्षणाचे महत्त्व

‘खरेदीदाराने सावध राहावे’ हे तत्त्व भारतीय कायद्याने काही अपवादांसह स्वीकारले आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ खाली दिलेले घोड्याचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. लिलावात घोडा विकणाऱ्यास त्या घोड्यातील दोष ठाऊक आहे, पण तो त्याविषयी काहीच बोलत नाही. तेवढ्यावरून ती कपटाने केलेली फसवणूक ठरत नाही. मात्र, ‘आपण नाकारले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन’ असे खरेदीदाराने म्हटले आणि त्यावर विक्रेता गप्प राहिला, तर ते मौन बोलण्याइतकेच बंधनकारक ठरते. याच कायद्याच्या कलम १९ मधील अपवादानुसार, केवळ मौनाने फसवणूक झाली असली, तरी सामान्य दक्षता घेऊन सत्य जाणून घेणे खरेदीदाराला शक्य असेल, तर तो करार रद्द करता येत नाही.

मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १६ नुसार, त्या प्रकारच्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असावा, अशी अध्याहृत शर्त असते. परंतु खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत उघडकीस यावयास हव्या होत्या अशा दोषांना ही शर्त लागू होत नाही. याचा अर्थ असा की, वरवरची तपासणी प्रसंगी न केलेल्या तपासणीपेक्षाही महाग पडू शकते. शिवाय ही शर्त व्यापाऱ्याला उद्देशून आहे. आपली एकुलती एक मोटार विकणाऱ्या खासगी मालकाला ती लागू होत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. तथापि केवळ स्वयंरोजगाराद्वारे उपजीविकेसाठी वस्तू घेऊन ती स्वतः वापरणाऱ्यास ग्राहकाचे संरक्षण मिळते. एकच टॅक्सी घेऊन ती स्वतः चालवणाऱ्याच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे. तरीही दोष सिद्ध करण्यासाठी पुरावा लागतो. इंजिनाची अवस्था विक्रेत्याला स्पष्ट शब्दांत विचारणे, उत्तर लेखी घेणे आणि चाचणीचे आकडे दिनांकासह नोंदवणे, या तीन गोष्टींचे मोल येथे कळून येते.

झीज कोठे होते?

मोटारीच्या चार फेऱ्यांच्या इंजिनात शोषण, संपीडन, शक्ती व निष्कासन अशा चार क्रिया क्रमाने घडतात. पिस्टन खाली जाताना सिलिंडरमध्ये हवा अथवा इंधनमिश्रित हवा ओढली जाते. तो वर येताना तिचे संपीडन होते. ज्वलनाने निर्माण झालेला दाब पिस्टनला खाली ढकलतो आणि अखेरीस जळालेला वायू बाहेर टाकला जातो. संपीडन पुरेसे झाले नाही, तर शक्ती घटते, इंधन अधिक लागते आणि धूर वाढतो.

हे संपीडन तीन भागांवर अवलंबून असते. पिस्टनभोवतीच्या रिंग सिलिंडरच्या भिंतीशी फट राहू देत नाहीत. व्हॉल्व्ह वरची बाजू बंद ठेवतात. आणि सिलिंडर हेड व ब्लॉक यांच्यामधील हेड गास्केट सांधा घट्ट राखते. जुन्या इंजिनाची पारख म्हणजे बव्हंशी या तीन जागी होणाऱ्या गळतीचा शोध असतो.

साधनाविना करावयाचे निरीक्षण

परीक्षणाचा आरंभ थंड इंजिनापासून व्हावा. विक्रेत्याने इंजिन आधीच तापवून ठेवले असेल, तर कष्टाने सुरू होणे, आरंभीचा धूर व खडखडाट ही लक्षणे लपून जातात. बॉनेटवर हात ठेवताच याचा उलगडा होतो. इंजिन गरम असल्यास ते पूर्ण थंड होईपर्यंत थांबणे किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी येणे श्रेयस्कर असते.

सुरू करण्यापूर्वी ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल काळे असणे हा दोष नव्हे. डिझेल इंजिनात ते लवकरच काळे होते. ते दुधाळ दिसत असेल, तर त्यात पाणी मिसळले असण्याची शक्यता असते आणि त्याचे कारण बिघडलेले हेड गास्केट असू शकते. रेडिएटरमधील कूलंटवर तेलाचा तवंग दिसल्यास हाच संशय बळावतो. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडावे. गरम असताना ते उघडल्यास उकळत्या पाण्याने गंभीर इजा होऊ शकते.

इंजिन सुरू झाल्यावर ऑइलच्या दाबाचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. त्यानंतर धुराकडे लक्ष द्यावे. निळसर धूर वंगण तेल जळत असल्याचे सांगतो. तो रात्रभर उभ्या मोटारीत सुरू करतानाच क्षणभर दिसला, तर व्हॉल्व्हच्या सीलची झीज संभवते. वेग वाढवताना सतत दिसला, तर रिंग झिजलेल्या असण्याची शक्यता अधिक असते. काळा धूर इंधन प्रमाणाबाहेर जात असल्याचे किंवा हवा अपुरी पडत असल्याचे लक्षण आहे. हा दोष बहुधा कमी खर्चात सुधारतो. इंजिन तापल्यानंतरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरत असावे. उत्तर भारतातील हिवाळ्यात सकाळी निघणारी व लवकरच विरणारी पांढरी वाफ मात्र स्वाभाविक असते. चालत्या इंजिनावर ऑइल भरण्याचे झाकण सैल करून पाहता तेथून धुराचे जोरदार झोत येत असतील, तर ज्वलनातील वायू रिंगांना ओलांडून खाली उतरत आहे, असे समजावे.

दाब चाचणी : आकड्यांची भाषा

निरीक्षणातून संशय उत्पन्न होतो. त्याची शहानिशा संपीडन दाबाच्या चाचणीने होते. या चाचणीसाठी लागणारे कॉम्प्रेशन गेज चांगल्या गॅरेजमध्ये उपलब्ध असते. पेट्रोल इंजिन तापवून सर्व स्पार्क प्लग काढले जातात, इंधनपुरवठा व ठिणगी बंद केली जाते आणि एका सिलिंडरच्या प्लगच्या जागी गेज बसवले जाते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून स्टार्टरने इंजिन काही फेरे फिरवले जाते व स्थिरावलेला आकडा लिहून घेतला जातो. प्रत्येक सिलिंडरसाठी हीच कृती तितक्याच फेऱ्यांनी करावयाची असते. बॅटरी दुर्बळ असल्यास सर्वच आकडे फसवे येतात.

सुस्थितीतील पेट्रोल इंजिनात हा दाब साधारणपणे दर चौरस इंचास १५० ते १९० पौंड असतो. डिझेल इंजिनात तो याच्या दुपटीहून अधिक असतो व त्यासाठी वेगळे गेज लागते. नेमका आकडा त्या इंजिनाच्या उत्पादकाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. मात्र, सिलिंडरांमधील परस्पर फरक हा निरपेक्ष आकड्याहून अधिक बोलका असतो. सर्वांत अधिक व सर्वांत कमी दाबातील फरक दहा ते पंधरा टक्क्यांहून जास्त असेल, तर ते इंजिन संशयास्पद मानले जाते.

समजा, चार सिलिंडरांचे आकडे अनुक्रमे १७०, १६८, १७२ व १२० आले. चौथ्या सिलिंडरचा दाब तिसऱ्यापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी आहे. आता त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून चाचणी पुन्हा करावयाची. आकडा १२० वरून १६० पर्यंत चढला, तर ऑइलने रिंगांजवळची फट तात्पुरती बुजवली, म्हणजे झीज रिंगांत किंवा सिलिंडरच्या भिंतीत आहे. आकडा जवळपास तेवढाच राहिला, तर दोष व्हॉल्व्ह किंवा गास्केटमध्ये शोधावा. शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकाच वेळी कमी असेल, तर त्यांच्यामधील गास्केट फुटल्याचा संभव असतो. डिझेल इंजिनात पिस्टन वर असताना उरणारी जागा फारच थोडी असते. त्यामुळे ऑइल टाकून करावयाची ही चाचणी तेथे टाळली जाते.

आकड्यांचा अर्थ लावताना भूगोलही विसरून चालत नाही. लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे व तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोन-तृतीयांश आहे. त्यामुळे चेन्नईत १७० दाखवणारे निरोगी इंजिन लेह येथे बरेच कमी दाखवील. अशा ठिकाणी सिलिंडरांची आपसांतील तुलना हाच विश्वासार्ह निकष उरतो.

दाब चाचणी गळती किती आहे हे सांगते. ती कोठून होते हे गळती चाचणी दाखवते. पिस्टन सर्वांत वरच्या स्थानी आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सिलिंडरमध्ये दाबाखाली हवा सोडली जाते. हवेचा आवाज सायलेन्सरच्या नळीतून आला तर निष्कासन व्हॉल्व्ह, हवा आत घेणाऱ्या मार्गातून आला तर शोषण व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आला तर रिंग आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गास्केट सदोष समजावे.

अलीकडच्या मोटारींत इंजिनाचा संगणक दोषांची सांकेतिक नोंद ठेवतो व ती निदान यंत्राने वाचता येते. विक्रीपूर्वी ही नोंद पुसली जाण्याची शक्यता असते. पण पुसल्यानंतर संगणकाच्या काही अंतर्गत स्वयंचाचण्या मोटार पुरेशी चालेपर्यंत ‘अपूर्ण’ दिसतात. म्हणून दोष शून्य आणि स्वयंचाचण्या अपूर्ण असा अहवाल आल्यास तो निर्दोषत्वाचा दाखला मानू नये.

पुरातील वाहने आणि सुटी इंजिने

मुंबईतील २६ जुलै २००५ ची अतिवृष्टी, चेन्नईतील डिसेंबर २०१५ चा पूर आणि केरळातील ऑगस्ट २०१८ चा महापूर अशा आपत्तींत हजारो वाहने पाण्याखाली गेली. अशी वाहने दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येऊ शकतात. पाणी संपीडित होत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन सुरू केल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. वाकलेल्या रॉडमुळे पिस्टन पूर्ण वर येत नाही व त्या एका सिलिंडरचा दाब कायम कमी राहतो. एअर फिल्टरच्या पेटीत व आसनांखालील कोपऱ्यांत राहिलेला गाळ या शंकेला पुष्टी देतो.

कित्येकदा मोटार तीच ठेवून केवळ जुने इंजिन विकत घेतले जाते. दिल्लीतील मायापुरी, चेन्नईतील पुदुपेट आणि कोलकात्यातील मल्लिक बाजार हे जुन्या सुट्या भागांचे परिचित बाजार होत. जमिनीवर ठेवलेले इंजिन सुरू करून पाहता येत नाही. पण क्रँकशाफ्ट पान्याने हळूहळू फिरवून ते अडखळते काय हे पाहता येते, खालील ऑइलच्या भांड्यात धातूचा चुरा आहे काय हे तपासता येते आणि गळती चाचणीही करता येते. याहून महत्त्वाची बाब म्हणजे इंजिन क्रमांक. मेरठच्या सोतीगंज बाजारावर २०२१ मध्ये झालेली पोलिस कारवाई चोरीच्या वाहनांच्या सुट्या भागांच्या व्यापाराशी निगडित होती. खोडलेला किंवा नव्याने ठोकलेला क्रमांक दिसल्यास, इंजिन कितीही उत्तम असले तरी व्यवहार करू नये. संपूर्ण मोटार घेतानाही इंजिन व चासी क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहावेत.

शासकीय प्रमाणपत्रांची मर्यादा

‘पीयूसी आहे, म्हणजे इंजिन चांगले आहे’ हा समज सार्वत्रिक आहे, पण तो बरोबर नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ११५ खालील ही चाचणी केवळ निष्कासित वायू मोजते. भारत टप्पा ४ च्या पेट्रोल मोटारीसाठी इंजिन मंद गतीने चालू असताना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के व हायड्रोकार्बनची मर्यादा दर दशलक्ष भागांत २०० आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सुस्थितीत असल्यास झिजू लागलेले इंजिनही ही मर्यादा पाळू शकते. योग्यता प्रमाणपत्रासाठीच्या तपासणीत ब्रेक, दिवे, धूर अशा घटकांचा विचार होतो. वाहन रस्त्यावर धावण्यास सुरक्षित आहे काय, हा त्या तपासणीचा प्रश्न असतो; इंजिन आणखी किती वर्षे टिकेल, हा नव्हे.

बाजारातील विश्वास वाढवण्यासाठी डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, नोंदणीकृत वाहनांच्या व्यापाऱ्यांसाठी अधिकारपत्राची व्यवस्था करण्यात आली. ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. विक्रीसाठी ताब्यात घेतलेल्या वाहनाची माहिती नोंदणी प्राधिकरणास कळवणे व त्याच्या फेऱ्यांची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवणे अशा व्यापाऱ्यावर बंधनकारक आहे. यामुळे वाहन कोणाच्या ताब्यात आहे, याविषयीची संदिग्धता कमी होते. परंतु सिलिंडरच्या आतील दाब ही नोंदवही सांगत नाही.

वय की अवस्था?

जुन्या वाहनांविषयीच्या सार्वजनिक धोरणातही हाच प्रश्न केंद्रस्थानी आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांहून जुन्या डिझेल व पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांना मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिच्या अंमलबजावणीचे निर्देश दिले. हा निकष वयाचा होता. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणाने मात्र स्वयंचलित चाचणी केंद्रांतील योग्यता चाचणीवर भर दिला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे राजधानी क्षेत्रातील वाहनमालकांवर सक्तीची कारवाई न करण्याचा अंतरिम आदेश दिला आणि डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण भारत टप्पा ४ व त्यापुढील वाहनांपुरते मर्यादित केले. वय मोजणे सोपे व निर्विवाद असते. अवस्था मोजण्यास साधने, प्रशिक्षित मनुष्यबळ व विश्वासार्ह केंद्रे लागतात. म्हणून अवस्थेवर आधारलेले धोरण अधिक न्याय्य असले, तरी ते राबवणे अधिक कठीण असते.

समारोप

जुन्या मोटारीच्या बाजारात खरेदीदार हा माहितीच्या दृष्टीने दुर्बळ पक्ष असतो. कायदा त्याला काही प्रमाणात संरक्षण देतो. परंतु सामान्य दक्षतेची अपेक्षाही त्याच्याकडूनच करतो. शासकीय प्रमाणपत्रे प्रदूषण व सुरक्षितता यांची हमी देण्यासाठी आहेत, खरेदीदाराच्या बचतीच्या रक्षणासाठी नव्हेत. थंड इंजिनाचे निरीक्षण, प्रत्येक सिलिंडरच्या दाबाची नोंद, आवश्यक तेथे गळती चाचणी आणि क्रमांकांची पडताळणी एवढे सोपस्कार पार पाडण्यास अर्धा दिवस पुरतो. चाचणीस विक्रेत्याने ठाम नकार दिला, तर तो नकारही एक माहितीच असते. अशी परीक्षा सर्रास होऊ लागल्यास सदोष वाहनाची किंमत खाली येईल, सुस्थितीतील वाहनाला योग्य मोल मिळेल आणि वाहनाची काळजी घेणाऱ्या मालकाला बाजारात थांबण्याचे कारण उरेल. प्रतिकूल निवडीवरील हा उपाय प्रत्येक खरेदीदाराच्या आवाक्यातील आहे.